पारडं नेमकं कधी फिरलं? (५ ते ११ डिसेंबर १९४१)

वाळूघड्याळ

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की आमच्या चहाच्या कट्ट्यावर ठरलेली तीन नावं येतात: स्टालिनग्राड, नॉर्मंडी आणि अणुबॉम्ब. मग कुणीतरी 'हिटलरला रशियाच्या थंडीनं हरवलं' असं म्हणतं, सगळे माना डोलावतात आणि चहा संपतो. परवा हेच चौथ्यांदा ऐकलं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगतो, मग हवं तेवढं झोडपा. या युद्धाचा निकाल ५ ते ११ डिसेंबर १९४१ या सात दिवसांत लागला. पुढची साडेतीन वर्षं जी माणसं मेली, ती त्या निकालाची अंमलबजावणी होताना मेली.

२२ जून १९४१ ला जर्मनीनं रशियावर चाल केली तेव्हा तीस लाखांवर सैनिक होते आणि सोबत सहा लाखांवर घोडे. घोडे! रणगाड्यांचे फोटो पाहून आपल्याला वाटतं की सगळं सैन्य चाकांवर होतं. प्रत्यक्षात बहुतेक पायदळ पायीच निघालं होतं आणि त्यांच्या तोफा घोडे ओढत होते. बेत असा की रशियन फौज सरहद्दीजवळच गाठायची आणि काही आठवड्यांत संपवायची. खोलवर जाऊन लांबलचक लढाई करण्याची तयारीच नव्हती. सप्टेंबरात कीव्हजवळ सहा लाखांवर रशियन सैनिक पकडल्याचा जर्मनांचा दावा होता. तेवढ्यावर दुसरा कुठलाही देश गुडघे टेकून मोकळा झाला असता. इथे मात्र एक फौज संपली की मागून दुसरी उभी राहायची.

ऑक्टोबरात मॉस्कोवर चाल सुरू झाली आणि आठवड्याभरात पावसानं रस्त्यांचा रबरबाट झाला. नोव्हेंबरात जमीन गोठली तेव्हा गाड्या उलट पुन्हा चालू लागल्या, म्हणजे थंडीनं सुरुवातीला जर्मनांना मदतच केली! थंडीवाल्या मंडळींना हे कधीच आठवत नाही. आणि थंडी काय फक्त जर्मनांनाच वाजत होती? फरक एवढाच की समोरच्याकडे फेल्टचे बूट होते, कापूस भरलेली जाकिटं होती आणि मागे राखीव सैन्य होतं. टोकियोतला सोव्हिएत हेर रिचर्ड झोर्गे यानं कळवलं होतं की जपान रशियावर न येता दक्षिणेकडे वळतोय. सैबेरिया आणि अतिपूर्वेकडच्या काही डिव्हिजन मॉस्कोकडे आणता आल्या. ५ डिसेंबरला रशियन सेनापती कोनेव्हची आणि ६ ला झुकोव्हची फौज उलटी चालून आली. जर्मन सैन्याला या युद्धात जमिनीवर पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर मागे सरावं लागलं.

७ डिसेंबरला पर्ल हार्बर. जपानचं सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेहून यायचं आणि ऑगस्टपासून अमेरिकेनं ते बंद केलं होतं. साठे संपायच्या आत जावा-सुमात्राचं तेल ताब्यात घ्यायचं, तर वाटेतला अमेरिकी आरमाराचा काटा आधी काढायला हवा, हा त्यांचा हिशोब.

आणि ११ तारखेला हिटलरनं आपण होऊन अमेरिकेवर युद्ध पुकारलं. जपानशी केलेल्या कराराप्रमाणे तो बांधील नव्हता, कारण हल्ला जपाननं केला होता, जपानवर झाला नव्हता. एका आठवड्यात रशिया जिवंत आहे हे सिद्ध झालं आणि जगातला सगळ्यात मोठा कारखाना समोरच्या बाजूला जाऊन बसला. यानंतर जर्मनी कसा जिंकणार होता, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

---

चिंचबोरे

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). पॉपकॉर्न घेऊन बसलोय, आता आजोबा येतील.

---

मनमाडकर

वाघांच्या आणि रणगाड्यांच्या गप्पांत वाघिणींना (मालगाडीच्या डब्यांना) कुणी विचारत नाही, म्हणून लिहितो. माझी नोकरी रेल्वेत गेली. उमेदवारीच्या काळात मनमाडला ब्रॉडगेज आणि मीटरगेज दोन्ही होतं. हैदराबादकडून मीटरगेजनं आलेला माल हमाल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत पाठीवरून टाकायचे. ज्वारीची पोती, सरकी, काहीही. दहा पावलांचं अंतर, पण एक गाडी रिकामी करायला दिवस मोडायचा. पाऊस असला तर विचारूच नका.

जर्मन रूळ १४३५ मिलिमीटरचे आणि रशियन १५२४ चे. फरक चार बोटांचा! लाकडी स्लीपर असल्यामुळे एक रूळ उपटून आत ठोकणं त्यातल्या त्यात सोपं काम, ते त्यांनी हजारो किलोमीटर केलंही. खरी गोम पाण्याची होती. रशियन इंजिनं मोठी, टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) मोठे, त्यामुळे पाणी भरायची ठिकाणं लांब लांब. जर्मन इंजिन तिथवर पोचायच्या आत तहानेलं व्हायचं. शिवाय त्यांच्या इंजिनांचे पाण्याचे पाइप बॉयलरच्या बाहेरून गेलेले. डिसेंबरात ते गोठले आणि फुटले, निम्म्याहून जास्त इंजिनं बसली. म्हणजे थंडीनं हरवलं हे अगदीच खोटं नाही घड्याळराव, फक्त शिपायांच्या आधी इंजिनं गारठली. आघाडीवरून 'दारूगोळा पाठवा' असा निरोप यायचा तेव्हा गरम कपडे पोलंडमधल्या यार्डांत पडून होते. दोन्ही एकदम न्यायला गाड्याच नव्हत्या. कुठल्याही कंट्रोलरला हे दुखणं माहीत असतं.

---

खडूसआजोबा

आलो. चिंचबोरे, पॉपकॉर्न बाजूला ठेवा, दात जातील.

घड्याळराव, लेख झकास, निष्कर्ष पोकळ. 'निकाल लागला' हे तुम्हाला ऐंशी वर्षांनंतर खुर्चीत बसून दिसतं. तुमच्या त्या सात दिवसांनंतर काय काय झालं पाहा. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. ८ मार्चला रंगून. जूनमध्ये उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक. ऑगस्टात जर्मन फौजा कॉकेशसमध्ये मायकोपच्या तेलविहिरींपाशी उभ्या होत्या (विहिरी रशियनांनी आधीच उद्ध्वस्त केल्या होत्या, ते सोडा). १९४२ च्या उन्हाळ्यात मुंबईतल्या माणसाला जाऊन 'काळजी करू नका, निकाल डिसेंबरातच लागलाय' असं सांगितलं असतं, तर त्यानं ठाण्याला पोचवलं असतं.

पारडं तेव्हा फिरतं जेव्हा समोरच्याचा पुढाकार जातो, आणि तो गेला स्टालिनग्राडला. १९ नोव्हेंबर १९४२. शहरातल्या जर्मन सेनापती पाउलसच्या सैन्यावर रशियन थेट गेलेच नाहीत. त्यांनी बगला धरल्या, जिथे रुमानियन फौजा होत्या. रणगाडाविरोधी तोफा अपुऱ्या, थंडीनं बेजार, आणि मदतीला ठेवलेली जर्मन रणगाड्यांची तुकडी ऐन वेळी अर्धी बंद. गवतात झाकून ठेवलेल्या रणगाड्यांच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या म्हणे! चार दिवसांत कलाचजवळ दोन्ही टोकं जुळली आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं आत अडकली.

मग हवाई दलप्रमुख गोअरिंगचा विमानांनी रसद पोचवण्याचा वायदा. गरज रोजची किमान ३०० टन, पोचत होते सरासरी शंभराच्या आसपास. हिटलरनं ३० जानेवारीला पाउलसला फील्डमार्शल केलं, कारण जर्मन फील्डमार्शल आजवर शरण गेला नव्हता. म्हणजे 'बढती घे आणि मर'. तो दुसऱ्याच दिवशी शरण गेला. सुमारे ९१,००० कैदी, त्यातले पाच-सहा हजारच पुढे घरी परतले.

यानंतर पूर्वेकडे जर्मनांनी उन्हाळ्यात एकच मोठी चाल केली, कुर्स्कला, आणि तीही पंधरवड्याच्या आत थांबली. याला म्हणतात पारडं फिरणं.

---

वाळूघड्याळ

आजोबा, तुमच्याच मुद्द्यावर येतो. १९४२ चा हल्ला फक्त दक्षिणेकडे का झाला? १९४१ ला तीन दिशांनी गेलेलं सैन्य वर्षभरात एकाच दिशेला जाण्याएवढं उरलं होतं म्हणून. आणि बगलांवर रुमानियन का? जर्मन पुरत नव्हते म्हणून. नोव्हेंबर १९४१ च्या अखेरीस त्यांचाच शस्त्रास्त्रमंत्री फ्रिट्झ टोट हिटलरला सांगत होता की हे युद्ध लष्करी मार्गानं आता जिंकता येणार नाही. म्हणजे खुर्चीत बसून ऐंशी वर्षांनी दिसतं तसं नाही, त्याला तेव्हाच दिसलं होतं.

ठाण्याला पोचवलं असतं, हे मात्र मान्य.

---

समुद्रपक्षी

तुम्हा सगळ्यांचं युद्ध जमिनीवर. माझी अर्धी हयात जहाजांवर गेली म्हणून मिडवेबद्दल, म्हणजे पॅसिफिकमधल्या त्या अमेरिकी बेटाजवळच्या लढाईबद्दल, लिहिणं भाग आहे.

एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानवाहू जहाजं आपल्या अंगणात आली होती, हे किती जणांना माहीत आहे? ५ तारखेला कोलंबो, ६ ला विशाखापट्टण आणि काकिनाडा, ९ ला त्रिंकोमाली. 'हर्मिस' हे ब्रिटिश विमानवाहू जहाज बुडालं. मद्रासमधून लोक गाठोडी बांधून पळाले. ब्रिटिश आरमार आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे सरकलं. कोलंबोवर आलेल्या पाच जहाजांपैकी तीन 'आकागी', 'सोर्यू' आणि 'हिर्यू'. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी ती तिन्ही मिडवेला तळाशी गेली, सोबत 'कागा'.

४ जूनची सकाळ मला पाठ आहे. अमेरिकनांनी जपानी संकेतलिपी बरीचशी फोडली होती, पण जपानी संदेशांत हल्ल्यासाठी येणारं 'एएफ' म्हणजे कुठलं ठिकाण याची खात्री नव्हती. म्हणून मिडवेनं मुद्दाम साध्या भाषेत संदेश सोडला की आमचं गोड्या पाण्याचं यंत्र बिघडलंय. दोनच दिवसांत जपानी संदेश: 'एएफ' वर पाण्याची टंचाई. सापडले!

तरीही सकाळभर अमेरिकनांचं सगळं चुकत गेलं. टॉर्पेडोवाली विमानं खाली, संथ, संरक्षणाशिवाय आली. एका तुकडीतली पंधराच्या पंधरा पडली, त्यातला एकच माणूस वाचला. मॅकक्लस्की नावाचा अधिकारी बत्तीसेक बाँबफेकी विमानं घेऊन निघाला होता, त्याला ठरल्या जागी रिकामा समुद्र दिसला. इंधन संपत आलेलं. परत फिरायच्या बेतात असताना खाली एक एकटी विनाशिका जोरात उत्तरेकडे जाताना दिसली. पाणबुडीच्या मागे लागून मागे राहिलेली 'आराशी', आपल्या ताफ्याला गाठायला निघालेली. तिच्या नाकाच्या दिशेनं तो गेला. १० वाजून २० मिनिटांच्या सुमारास खाली जपानी ताफा, आणि जपानी लढाऊ विमानं सगळी खाली, टॉर्पेडोवाल्यांच्या मागे. पाच-सहा मिनिटांत तीन जहाजं पेटली. चौथं संध्याकाळी.

हा योगायोग की हिशोब, यावर भांडा. मी मात्र एक सांगतो: अमेरिकेची 'यॉर्कटाउन' मिडवेला येऊ शकली, कारण पर्ल हार्बरच्या गोदीनं महिन्यांचं दुरुस्तीचं काम तीन दिवसांत उरकलं. ज्याच्याकडे गोदी, त्याचा समुद्र. त्या अर्थानं घड्याळरावांचं ११ डिसेंबर मला पटतं.

---

एकटाकी

सगळे पुरुष रणगाडे आणि जहाजं मोजतायत. मी तांदूळ मोजते.

आपल्या देशापुरतं विचाराल तर पारडं फिरलं ते आजोबांनी एका ओळीत उडवलेल्या तारखेला: ८ मार्च १९४२, रंगून. बर्माचा तांदूळ यायचा बंद झाला. जपानी येतील या भीतीनं सरकारनं बंगालच्या किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या, मोडल्या, काही भागांतला धान्याचा साठा उचलला. ऑक्टोबरात मेदिनीपूरला वादळ. भाव चढले, साठेबाजी झाली, कलकत्त्याच्या कारखान्यांना धान्य आधी पोचलं आणि खेड्यांतली माणसं चालत शहरात येऊन फुटपाथवर मेली. १९४३ च्या दुष्काळातले मृत्यू वीस ते तीस लाखांच्या घरात धरतात. स्टालिनग्राडच्या कैद्यांचा आकडा आपल्याला शेकड्यापर्यंत पाठ, आणि हा आकडा दहा लाखांनी इकडेतिकडे.

'अंमलबजावणीत मेले' हा शब्दप्रयोग त्यामुळे मला टोचला, घड्याळराव.

---

वाळूघड्याळ

टोचायलाच हवा होता. शब्द मागे घेतो. धागा संपादित करत नाही, कारण मग तुमचा प्रतिसाद अधांतरी राहील.

---

पंचगंगेकाठचा

एकटाकीताईंना +१.

आता कोल्हापूरकराची भर. घड्याळरावांच्या २२ जून १९४१ मुळे आमच्या शेजारी पोलिश माणसं राहायला आली. १९३९ ला रशियानं पूर्व पोलंड गिळला आणि लाखो पोलिश लोकांना सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं. हिटलर रशियावर उलटल्यावर स्टालिनला मित्र हवे झाले, जुलै १९४१ मध्ये करार झाला, कैद्यांना सोडलं. त्यातली बायकामुलं इराणमार्गे फिरत फिरत १९४३ पासून वळिवड्याला येऊन राहिली. पाचेक हजार जण, मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारे. शाळा, चर्च, दवाखाना असं अख्खं गाव वसलं होतं. महावीर उद्यानात त्यांची आठवण म्हणून उभारलेला स्तंभ आहे. तिथे फिरायला येणाऱ्यांपैकी फार थोडे त्याच्यावरचं वाचतात.

---

मांडवीकाठ

आमच्या गोव्याची पण एक. ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगाव बंदरात 'एरनफेल्स' हे जर्मन व्यापारी जहाज बुडालं. युद्ध सुरू झाल्यापासून ते आणि त्याच्यासारखी आणखी काही जहाजं तटस्थ पोर्तुगीज बंदरात दडून बसली होती. 'एरनफेल्स'वरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात असा ब्रिटिशांचा संशय. तटस्थ बंदरात उघड हल्ला करता येईना, म्हणून कलकत्त्याची चहा-तागाच्या कंपन्यांतली, पोटं सुटलेली हौशी घोडेस्वार मंडळी एका गाळवाहू बार्जवरून समुद्रमार्गे आणली. ते चढले, आणि जर्मनांनीच जहाज बुडवलं. बाकीच्या जहाजांनीही तेच केलं. पस्तीस वर्षं याची वाच्यता नव्हती.

गोष्ट सिनेमाला शोभेलशी आहे, पण यानं पारडं वगैरे फिरलं असं कुणी म्हणालं तर हसू नका, फक्त मान हलवा.

---

समुद्रपक्षी

मान हलवली. पाणबुड्यांचा कणा मोडला तो मे १९४३ ला अटलांटिकमध्ये. एका महिन्यात चाळीसच्या वर गेल्या आणि जर्मन आरमारप्रमुख डोनिट्झनं उरलेल्या मागे बोलावल्या. लांब पल्ल्याची विमानं, नवं रडार आणि फोडलेली संकेतलिपी. त्याहून मोठं कारण म्हणजे बुडतील त्यापेक्षा जास्त जहाजं बांधायची. तीच ती साच्यातून काढल्यासारखी मालवाहू जहाजं.

त्यांच्यापैकी एक आपल्या ओळखीचं: कॅनडात १९४२ ला बांधलेलं 'फोर्ट स्टिकिन'. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटलं ते. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्या सोबतीला कराचीत भरलेल्या कापसाच्या गासड्या. ज्यानं हे लोडिंग मंजूर केलं त्याला माझ्या बोटीवर मी स्वयंपाकघरातही उभं केलं नसतं.

आणि योगायोग बघा. त्याच दिवशी, १४ एप्रिललाच, तिकडे मणिपुरात मोइरांगला आझाद हिंद सेनेनं तिरंगा लावला.

---

कऱ्हाडची_लेक

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. मणिपूर निघालं म्हणून विचारते. माझे आजोबा मराठा पल्टणीत होते, १९४१ ला भरती झाले. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. घरात सगळे म्हणतात की ते 'बर्माच्या लढाईत' होते. त्यांच्या तोंडचे तीनच शब्द आजीला आठवायचे: डोंगर, चिखल आणि खेचरं. एवढ्यावरून ते कुठे होते हे सांगता येईल का?

---

वाळूघड्याळ

ताई, स्वागत. मणिपूरच असेल तर सांगशाक असू शकेल, आणि ती जागा या धाग्यात यायलाच हवी होती.

मार्च १९४४ मध्ये जपानी तीन डिव्हिजन इम्फाळ आणि कोहिमाकडे निघाल्या. कोहिमाकडे जाणाऱ्या डिव्हिजनच्या वाटेत उखरूलच्या खाली सांगशाक नावाचं नागा गाव लागतं. तिथे ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिला जोडलेली मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. काटेरी तार नाही. टेकडीवर हात-दोन हात खणलं की खडक. पाण्याची बोंब. विमानानं टाकलेल्या सामानातलं बरंचसं जपान्यांच्या हाती पडत होतं. तशा स्थितीत २२ ते २६ मार्च ते लढले आणि मग रात्रीच्या अंधारात निघाले. मेलेल्या एका जपानी अधिकाऱ्याच्या अंगावर नकाशा मिळाला, त्यावरून कळलं की कोहिमावर एखादी तुकडी नव्हे, अख्खी डिव्हिजन येतेय.

ते चार-पाच दिवस पुढे कोहिमाला कामी आले. तिथे डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यातल्या टेनिस कोर्टाच्या एका कडेला ब्रिटिश-भारतीय आणि दुसऱ्या कडेला जपानी, अशी लढाई झाली. २२ जूनला इम्फाळचा रस्ता मोकळा झाला. सुमारे ८५,००० जपानी आले होते, त्यातले तीस हजारांच्या आसपास मेले, आणि त्यांतले बरेचसे गोळीनं नव्हे, भुकेनं आणि रोगानं.

घरात जुना कागद असेल तर बटालियनचा आकडा बघा. '४/५' (पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी बटालियन) असं लिहिलेलं असेल तर आजोबा तिथले.

---

नवशिका_०७

आणि नॉर्मंडी? इतका मोठा धागा झाला आणि ६ जून १९४४ बद्दल एक अक्षर नाही!

---

खडूसआजोबा

नॉर्मंडीनं युद्ध कोण जिंकणार हे ठरवलं नाही, बर्लिनच्या पश्चिमेला कोण बसणार हे ठरवलं. त्याच महिन्यात रशियनांनी बेलारूसमध्ये जर्मनांचा मधला आर्मी ग्रुप जवळपास पुसून टाकला, त्यावर सिनेमे निघत नाहीत. त्या चालीची तारीखही २२ जूनच, बरं का. ताईंच्या इम्फाळचा रस्ता उघडला तोच दिवस.

---

मनमाडकर

आणि त्या रशियन सैन्याखाली अमेरिकेचे ट्रक होते. युद्धभरात चार लाखांवर ट्रक आणि जीप, वर जवळपास दोन हजार इंजिनं. तीही १५२४ च्या मापाची बनवून! एक अमेरिकी कारखाना शत्रूपेक्षा जास्त नीट मोजपट्टी लावून बसला होता.

---

कऱ्हाडची_लेक

काल रविवारी वडिलांनी माळ्यावरची ट्रंक काढली. आजोबांचा डिस्चार्जचा कागद निघाला, घड्या पडलेल्या ठिकाणी फाटलाय. आकडा '३/५' आहे. चार नाही, तीन. वडील म्हणतात वाचण्यात चूक होत असेल, पण मी भिंग लावून पाहिलं.

---

वाळूघड्याळ

ताई, मग तुमचे आजोबा बर्मात नव्हते. तिसरी बटालियन आधी एरिट्रियात केरेनला लढली आणि १९४४ ला इटलीत होती. आजोबा १९४१ चे, म्हणजे इटली नक्की धरा. यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ते याच बटालियनचे, माणगावकडचे. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. तिथेही डोंगर, तिथेही चिखल, आणि रस्ते नव्हते तिथे रसद खेचरांवरून.

कागदावर तारखा किंवा ठिकाणं काही दिसतायत का?

---

कऱ्हाडची_लेक

ठिकाणाच्या जागी शाई पसरलीय. पण ट्रंकेत एक पितळी क्रूस होता, इतकी वर्षं आजीनं तो 'बर्माच्या कुठल्यातरी मिशनऱ्यांचा' म्हणून जपला होता. त्याच्या मागे बारीक अक्षरात 'रोमा' लिहिलंय. वडील अजून तो हातात घेऊन बसलेत.